घराची ऋतुचर्या



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला घराच्या डागडुजीवर बोलायला कशासाठी बोलावलं, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. आम्हालाही पडला होता. संयोजकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर, गेल्या वर्षी तुम्ही कार्यकारणभावावर बोललात, पण उदाहरणं सगळी गळक्या छताची होती." (हशा) खरं आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात तर्कशास्त्र शिकवलं. पण कार्य कुठे दिसतं आणि कारण कुठे लपलेलं असतं, हे आम्हाला डोंबिवलीतल्या आमच्याच छतानं शिकवलं. त्याची फीही चांगली घेतली. ती गोष्ट पुढे येईल.

कोजागिरी झाली. आता दिवाळी, आणि मग आपली थंडी. ठाण्यापेक्षा डोंबिवलीत जरा जास्त, डोंबिवलीपेक्षा कल्याण-बदलापूरकडे आणखी थोडी जास्त. कारण जसजसे आपण समुद्रापासून आत जातो, तशी रात्रीची हवा लवकर निवते. तरीही ही थंडी म्हणजे पहाटेच्या लोकलला मफलर आणि सकाळी नऊनंतर पंखा, एवढीच.

आमचा एक भाचा कॅनडात असतो. तिकडे ऑक्टोबर लागला की त्याची धावपळ सुरू होते. खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, छताच्या पन्हळीत साठलेली पानं काढायची, घर तापवणारी भट्टी तपासून घ्यायची, अंगणातल्या नळाचं पाणी आतून बंद करून नळ रिकामा करायचा. कारण पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतो आणि पाइप फोडतो. त्यानं फोनवर विचारलं, "मामा, तुम्ही थंडीची काय तयारी करता?" आम्ही म्हटलं, "गोधड्या उन्हात घालतो." (हशा)

पण त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. प्रत्येक प्रदेशातल्या घराला एक ऋतू जड जातो. त्याच्या घराला हिवाळा, आपल्या घराला पावसाळा. तो आपल्या जड ऋतूची तयारी आधीच्या ऋतूत करतो. आपण केव्हा करतो? आपण म्हणतो, मे महिन्यात. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे की हे उत्तर चुकलेलं आहे. पावसाळ्याची तयारी हे आपल्याकडे थंडीतलं काम आहे. ते मे महिन्यावर का गेलं आणि त्याची किंमत आपण काय मोजतो, ते पाहू.

कौलांचं पंचांग आणि स्लॅबचं घर

इथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना जुनं ठाणं, जुनं कल्याण आठवत असेल. वाडे, चाळी, बैठी घरं, बहुतेकांवर कौलं. नळीची कौलं असतील तर दरवर्षी ती शाकारून घ्यावी लागत. मांजरं-माकडं कौलं सरकवत, वाऱ्यानं ती हलत, वासे किडत. वैशाखात माणूस वर चढे, फुटकी कौलं बदली, सरकलेली नीट बसवी, पन्हळी साफ करी आणि खाली येई. एकीकडे घरात आगोटीची भरणी चाललेली: धान्य, मसाला, पापड, सुकी मासळी, सरपण. घरावरची शाकारणी आणि घरातली आगोट, दोन्ही एकाच महिन्यात.

त्या काळी हे अगदी शहाणपणाचं होतं. कौलाचं काम कोरडं असतं. त्यात ओलं काही नसतं, सुकायचं काही नसतं. आज कौल बसवलं की आजच ते कामाला लागतं. शिवाय जानेवारीत नीट बसवलेलं कौल मेपर्यंत माकडं पुन्हा सरकवणारच. म्हणून पावसाच्या जितकं जवळ, तितकं बरं.

मग विशेषतः १९७० नंतर आपल्याकडे तीन-चार मजली सिमेंट काँक्रीटच्या इमारती झपाट्यानं उभ्या राहिल्या. मुंबईत जागा परवडेना, लोकल होती, माणसं इकडे आली. ठाणे महापालिका १९८२ची, कल्याणची १९८३ची. आज इथे ज्या इमारती 'जुन्या' म्हणून ओळखल्या जातात त्यातल्या पुष्कळशा त्याच सुमाराच्या. छत बदललं, पंचांग मात्र कौलांचंच राहिलं.

स्लॅबचं काम ओलं असतं. सिमेंट 'सुकून' घट्ट होतं असं आपण म्हणतो, पण ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. म्हणून नव्या कामावर किमान सात दिवस, आणि उष्ण कोरड्या हवेत दहा दिवस पाणी राखावं लागतं. आपल्या काँक्रीटच्या भारतीय मानकातही तसं सांगितलेलं आहे. आता मे महिन्यातली डोंबिवलीची गच्ची डोळ्यांसमोर आणा. दुपारी पाय ठेववत नाही. मारलेलं पाणी बघता बघता उडून जातं. त्यात पाणीकपात. गवंडी लग्नसराईला गावी गेलेला, आणि जो आहे त्याच्या हातात पाच गच्च्या. काम घाईत उरकतं, वरचा थर कच्चा राहतो, बारीक भेगा पडतात. पुढच्या वर्षी आपण म्हणतो, "कंत्राटदारानं फसवलं." कधी फसवलंही असेल. पण पुष्कळदा महिन्यानंच फसवलेलं असतं.

आणि मे महिना पुरता आपल्या हातात तरी असतो का? मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच आला. त्या आठवड्यात ज्यांची गच्ची उकरून ठेवलेली होती, त्यांचे हाल आम्ही सांगायला नकोत. इथे हसणाऱ्यांत त्यातले काही दिसताहेत.

अडीच हजार मिलिमीटर म्हणजे किती?

आपल्या भागात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा वर्तमानपत्रात वाचून काही वाटत नाही. हिशेब करू. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तिच्यावर अडीच मीटर उंचीचं पाणी म्हणजे २३० घनमीटरहून अधिक. थोडक्यात दोन लाख तीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे तेवीस टँकर. एवढं पाणी चार महिन्यांत गच्चीवर उतरतं आणि ते पन्हळीच्या चार-सहा तोंडांतून निमूटपणे खाली जावं, अशी आपली अपेक्षा असते.

जे जात नाही ते मुरतं. मुरलेलं पाणी काय करतं? नवं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं. त्याच्या कुशीत लोखंडी सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत राहतो, अल्कता उतरते, पापुद्रा जातो. मग ओल आणि प्राणवायू मिळाला की गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आतून फुगतो, प्लास्टरला रेटतो, भेग पडते, भेगेतून आणखी पाणी. एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. तो पोपडा म्हणजे शेवटची पायरी. पहिली कधीच होऊन गेलेली असते. खाडीकाठच्या इमारतींत खारी हवा याला आणखी वेग देते.

डाग हे लिंग आहे, कारण नव्हे

आता आमची गोष्ट.

आम्ही चौमजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात न्हाणीघराच्या बाहेरच्या बोळात छताला ओलीचा डाग आला. वर चौथ्या मजल्यावर एक निवृत्त रेल्वे कर्मचारी. तीस वर्षांचा शेजार, रोजचा चहा. त्यांचं न्हाणीघर बरोबर आमच्या बोळावर. आम्ही लगेच निष्कर्ष काढला. आम्ही त्यांना सांगितलं, मग पत्र दिलं, मग सोसायटीच्या सभेत बोललो. सभेत बोललो ते जरा जास्तच बोललो.

दिवाळीला आम्ही रंग काढला. डाग झाकला गेला. पुढच्या मे महिन्यात त्या गृहस्थांनी, केवळ आमच्या कटकटीपायी, साठ हजार रुपये घालून न्हाणीघराची फरशी उखडून पुन्हा केली. जुलैत डाग परत आला. त्याच जागी, तसाच.

न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आपल्याला माहीत आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हे लिंग, म्हणजे खूण. आम्ही हे शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं. पण त्यातली अट आम्ही घरी विसरलो. ओलीच्या डागावरून 'पाणी आहे' एवढंच सिद्ध होतं. 'पाणी कुठून आलं' हे सिद्ध होत नाही. स्लॅबमध्ये पाणी वाट मिळेल तसं सरकतं आणि शिरल्या जागेपासून दहा-बारा फुटांवरही उतरतं. कारण शोधायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासावे लागतात. ते असताना हे असतं का? आणि ते नसताना हे नसतं का?

ही व्यतिरेकाची परीक्षा आपल्याकडे निसर्ग फुकट घेतो. तिचं नाव हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो. नळ, टाकी आणि न्हाणीघर मात्र रोज चालू असतात. जो डाग थंडीतही ओला राहतो किंवा वाढतो, तो नळाचा, टाकीचा, सांडपाण्याचा. जो कोरडा पडून कडेला पांढरा लोणा सोडतो, तो पावसाचा. आमचा डाग थंडीत कोरडा पडत होता. म्हणजे वरच्या न्हाणीघराचा त्यात संबंध नव्हता. पण आम्हाला ते दिसणार कसं? दिवाळीला आम्हीच साक्षीदाराच्या तोंडाला रंग फासला होता.

अखेर बाहेरच्या भिंतीवर माणूस उतरवला. पावसाळी पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवला होता. त्याच्या मुळानं भिंतीत भेग पाडली होती आणि पाणी तिथून आत येत होतं. सगळा खर्च साडेचार हजार रुपये.

संक्रांतीला आम्ही तिळगूळ आणि तीस हजारांचा चेक घेऊन वर गेलो. त्यांनी तिळगूळ घेतला, चेक घेतला नाही. एवढंच म्हणाले, "सर, तुमचा विषय तर्कशास्त्र होता ना?" (हशा) आपण हसता आहात, त्या दिवशी आम्हाला हसू आलं नव्हतं. चहा पुन्हा सुरू झाला, पण मधली दोन वर्षं गेली. या वयात दोन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

शरद, हेमंत, शिशिर: कुठे काय

आयुर्वेदात ऋतुचर्या सांगितली आहे. वाग्भट म्हणतात, जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी. त्या काळात जुनं हळूहळू सोडावं, नवं हळूहळू धरावं. घरालाही अशी चर्या लावता येते. आम्ही आमच्यापुरती लावली आहे, ती सांगतो.

पहिलं काम पाऊस सरतानाचं. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. ही तारीख आपल्या सोयीची आहे. त्या वेळी डाग ओले असतात, फोटो ताजे असतात, वरच्या मजल्यावरच्या घरातली बादली अजून छताखाली असते. गच्चीचा ठराव त्याच सभेत व्हावा. एप्रिलच्या विशेष सभेत गळती कुणाला आठवत नाही.

दुसरं काम शरदातलं, म्हणजे आजचं. रंगारी बोलावण्याआधी पेन्सिल घ्या. प्रत्येक डागाच्या कडेनं रेघ मारा आणि तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा: रेघेच्या आत आला की बाहेर गेला? मग काठीनं किंवा लहान हातोडीच्या दांड्यानं छतावर हलकेच वाजवून बघा. भरीव आवाज वेगळा, पोकळ वेगळा. नारळ वाजवून घेणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पोकळ वाजतं त्याच्या खाली पलंग असेल तर आजच सरकवा. आणि ती भिंत, ते छत या दिवाळीला रंगवू नका. पाहुण्यांना दिसलं तर दिसू दे.

तिसरं काम हेमंत-शिशिरातलं, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. तोवर चार महिन्यांची ओल बरीच उतरलेली असते. गच्चीवरचा लेप कोरड्या पृष्ठभागालाच धरतो. ओल्यावर मारला तर खालची वाफ त्याला फुगे आणते. हवा सौम्य असल्यानं मारलेलं पाणी टिकतं. आणखी एक कारण आहे. काँक्रीट उन्हानं पसरतं, थंडीनं आकसतं. वीस मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर लांबीत सुमारे सहा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून कठड्याच्या आणि गच्चीच्या सांध्यातली भेग थंडीत उघडलेली असते. उघडी असताना भरलेली भेग नीट भरली जाते. मे महिन्यात मिटलेल्या भेगेवर फासलेलं रसायन जानेवारीत फाटतं.

या काळात काय काय बघायचं? कठड्यालगतची गोलाई, जिला गवंडी 'वाटा' म्हणतात, ती सुटली आहे का. पाणी पन्हळीच्या तोंडाकडे वाहतं का, की डबकं साचतं. शंभराला एक एवढा तरी उतार हवा. टाकीचा वाहून जाणारा पाइप कुठे पडतो. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का. ती नसेल तर पाणी छज्जाखालून चालत भिंतीत येतं. आणि पिंपळ. पिंपळ नुसता छाटू नका. छाटल्यानं वर फांदी जाते, आत मूळ जाड होत राहतं. सांधा उघडून मूळ काढायला हवं. काम झालं की गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून चाचणी घ्यावी. मात्र जुन्या इमारतीत हे अभियंत्याला विचारूनच, कारण पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलो ओझं.

ओझ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा न काढता त्यावर दुसरा घालायची आपल्याकडे सवय आहे. दहा सेंटिमीटर कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास जातं. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं-सामान यांसाठी जेवढा भार धरतात, साधारण तेवढंच हे. म्हणजे एक वाढीव कोबा घातला, की गच्चीवर कायमचा भरगच्च समारंभ बसवला.

आणि फरशी, भिंत, तुळई यांना हात लावण्याआधी अभियंता. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत एका चौमजली इमारतीत वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालचे मजले घेत गेला. सहा माणसं गेली. स्वतःच्या घरात, दुपारच्या वेळी. फरशी बदलणं हे आपल्याला घरगुती काम वाटतं. जुन्या इमारतीत ते नसतं.

मे महिन्यासाठी मग काय उरतं? पन्हळींची तोंडं, जाळ्या आणि गटारं साफ करणं. तेवढंच उरायला हवं.

खुद्द थंडीची एक गोष्ट

आपली थंडी घराला फारसं काही करत नाही, असं आम्ही म्हटलं. याला एक अपवाद आहे आणि तो जीवावरचा आहे. अंघोळीचं पाणी.

गॅस गिझर लहानशा न्हाणीघरात बसवलेला असतो. थंडी पडली की आपण झरोका बंद करतो. काही जण तर त्यावर पुठ्ठा लावतात. बंद जागेत ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायचं सुचायच्या आत माणूस खाली बसतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. बहुतेक वेळा जाणारी माणसं तरुण असतात.

नियम साधे आहेत. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि त्याचा धूर बाहेर सोडणारी नळी असावी. झरोका कधीही बुजवू नये. वर्षातून एकदा, ते दिवाळीच्या आधी, तपासणी करून घ्यावी. आणि तो आतच असेल तर या थंडीत आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्या, मग अंघोळीला जा. असा गिझर लवकरात लवकर बाहेर हलवा.

विजेच्या गिझरचं दुखणं निराळं. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो, तीन हजारांचा तेरा. १९८०च्या सुमाराची वायर पंखे आणि दिवे डोळ्यांसमोर ठेवून घातलेली. म्हणून स्वतंत्र वायर, सोळा अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. इलेक्ट्रिशियनला दाखवायला एक सकाळ पुरते.

गच्ची कुणाची?

आता अवघड भाग. पैसा आणि माणसं.

वरच्या मजल्यावरच्याचं छत गळतं. तळमजल्यावरचा म्हणतो, "आमच्याकडे काही नाही." सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर स्पष्ट आहे: पावसाच्या पाण्याची गळती संस्थेनं आपल्या खर्चानं दुरुस्त करायची, गच्चीतून गळून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि प्लास्टर खराब झालं, तर तेही. घराच्या आतली, न्हाणीघर-मोरीची गळती ज्याची त्याची. म्हणजे वरच्या मजल्यावरचा माणूस सभेत हात जोडून उभा राहतो, ती मेहेरबानी मागणं नव्हे.

पण पैसे कुठून? सिंकिंग फंड म्हणजे घराच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का, आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. ऐकायला बरं वाटतं. समजा, १९८४ साली एका घराचा बांधकाम खर्च ऐंशी हजार धरला होता. पाव टक्का म्हणजे वर्षाला दोनशे रुपये. चाळीस वर्षांत आठ हजार. सोळा घरांचे मिळून, व्याज सोडलं तर, एक लाख अठ्ठावीस हजार. एवढ्यात आज गच्चीचा एक कोपरा होईल. 'किमान' हा शब्द आपण 'कमाल' असा वाचला, ही आपली चूक. सभेला तो वाढवता येतो. आज दरमहा पाचशे रुपये जास्त देणं जड वाटतं हे आम्हाला कळतं. पेन्शनवर राहणारे आम्हीही आहोत. पण तेच पाच वर्षांनी एकदम दीड लाख मागितले जातात, तेव्हा ज्याला जमत नाही तो सभेला येणंच बंद करतो, आणि इमारत तिथून खरी ढासळू लागते.

श्रोत्यांतून मघाशी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. वाचतो: "आमची इमारत तीन-चार वर्षांत पुनर्विकासाला जाणारच आहे. मग गच्चीवर खर्च कशाला करायचा?"

ताई, हा आजच्या विषयाचा गाभाच आहे. ठाणे-डोंबिवलीतल्या निम्म्या सभा याच वाक्यावर संपत असतील. (हशा) बिल्डर येणार आहे, म्हणून आपण घर आजच सोडून दिल्यासारखे वागतो. राहतो मात्र तिथेच. त्या तीन-चार वर्षांची कधी आठ होतात. तेवढे पावसाळे कुणाच्या डोक्यावर पडणार?

इमारत तीस वर्षांची झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार तिची संरचनात्मक तपासणी करून घ्यावीच लागते. तपासणीनंतर वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमची इमारत कोणत्या वर्गात आहे, यावर तुमचं उत्तर ठरेल. सी-१ असेल तर गच्चीवर एक रुपया घालू नका, बाहेर पडा. सी-२ए असेल तर आधी घरं रिकामी करा. बाकीच्या वर्गांत असेल, तर वीस वर्षं टिकणारं काम नको, पण पाणी बाहेर काढणारं, सुटलेलं प्लास्टर उतरवणारं, पिंपळ काढणारं काम हवंच. तो खर्च इमारतीवर नसतो, तिच्यात झोपणाऱ्यांवर असतो.

२०१५च्या जुलैच्या अखेरीस ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळली. आठवड्याच्या आत, ऑगस्टच्या सुरुवातीला, ठाण्यात नौपाड्यात दुसरी. दोन्ही पावसाळ्यात, दोन्ही रात्री. दोन्हींत मिळून वीसएक माणसं गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी आपापल्या छताकडे पाहिलं होतं. मग पाऊस थांबला, डाग वाळला, दिवाळी आली आणि आपण रंग काढला.

वेळ झाली आहे. घरी गेल्यावर आज एकच काम करा. वही नको, अॅप नको. चश्मा लावा, पेन्सिल घ्या, स्टुलावर स्वतः चढू नका, नातवाला चढवा (हशा), आणि डागाभोवती रेघ मारून आजची तारीख घाला. पंधरा दिवसांनी ती रेघ बघा. आणि तोवर वरच्या मजल्यावरच्यांना पत्र लिहू नका, चहाला बोलवा.